एएसी ब्लॉक, क्रश सँड आणि पीपीसी: धायरीतल्या घरासाठी काय घ्यावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या धायरीत दोन गुंठ्यांचा प्लॉट असून त्यावर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधायचे आहे. ठेकेदार एएसी ब्लॉक (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे), क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि पीपीसी (फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेले) सिमेंट सुचवतो, तर वडील भट्टीची लाल वीट, नदीची वाळू आणि ५३ ग्रेडचे साधे सिमेंट यांशिवाय काहीही वापरू देण्यास तयार नाहीत. त्यातच एका विक्रेत्याने लोखंडाऐवजी फायबरच्या (राळेत बसवलेल्या तंतूंच्या) सळया घेण्याचा आग्रह धरला आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे?

पुण्यात आणि आसपास तीसेक वर्षे बांधकामावर उभा राहिलेला अभियंता म्हणून सांगतो की विक्रेत्याच्या फायबरच्या सळया बाजूला ठेवा, बाकी सामानाच्या निवडीबाबत मी तुमच्या ठेकेदाराच्या बाजूने आहे. मात्र वडिलांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांनी कुठेतरी ब्लॉकच्या भिंतींना पडलेल्या भेगा पाहिल्या असतील, आणि त्या भेगा खऱ्या असतात. त्यांचे कारण बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये नसते. ते गवंड्याच्या हातातल्या पाण्याच्या पाइपात असते. लाल वीट, नदीची वाळू आणि साधे सिमेंट यांच्यासाठी एकच नियम पुरत असे: वीट हौदात बुडवा, सिमेंट-वाळूचा माल सैल कालवा आणि काम झाल्यावर भरपूर पाणी मारा. नव्या सामानापैकी प्रत्येकाचा पाण्याशी व्यवहार वेगळा आहे, आणि आपल्याकडचे कारागीर मात्र सगळ्यांना तोच जुना नियम लावतात. म्हणून सामानाविषयी सांगताना मी प्रत्येक ठिकाणी पाण्याविषयी आधी बोलणार आहे.

प्रथम ब्लॉक. हे सामान पुण्याला नवे नाही. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात ते तयार झाले, आणि पुण्यात १९७० च्या दशकातच बांधकाम उद्योजक बी. जी. शिर्के यांच्या समूहाने सिपोरेक्स या नावाने त्याचे उत्पादन सुरू केले. जुने मिस्त्री आजही कोणत्याही कंपनीच्या एएसी ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात. फ्लाय ॲश, सिमेंट, चुना आणि जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात अगदी थोडी ॲल्युमिनियम पावडर घातली की हायड्रोजन वायू तयार होतो आणि ते मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते. मग ते तारेने कापून बंद टाकीत सुमारे १८० ते २०० अंश तापमानाच्या वाफेच्या दाबाखाली काही तास शिजवले जाते. त्यामुळे ब्लॉकचे वजन घनमीटरला साधारण ६०० किलो भरते, तर विटेच्या भिंतीचे १,९०० किलोच्या आसपास जाते. तीन मीटर उंचीची नऊ इंची विटेची भिंत, प्लास्टर न धरता, लांबीच्या प्रत्येक मीटरला सुमारे १,३०० किलो भार टाकते. सहा इंची ब्लॉकची तेवढीच भिंत ओलाव्यासकट सव्वातीनशे किलोंच्या आत राहते.

येथे विक्रेत्यांच्या एका दाव्याला थोडा लगाम घालतो. वजन कमी झाल्यामुळे लोखंडात मोठी बचत होते, हे दहा-बारा मजली इमारतीत खरे आहे. एक मजली घरात तसे होत नाही. आयएस १८९३ या भूकंपाविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशाप्रमाणे पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येते आणि आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार अशा ठिकाणी कॉलमची कोणतीही बाजू ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. म्हणजे भिंत हलकी असो वा जड, तुमचे कॉलम फारसे लहान होणार नाहीत. नऊ इंची भिंतीत लपणारा नऊ इंची कॉलम ही आपल्याकडची लाडकी सवय या नियमात बसत नाही, आणि सहा इंची ब्लॉकच्या भिंतीत तर कॉलमचा कोपरा खोलीत दिसणारच. तो दिसू द्यावा. त्याच्या शेजारी कपाटाची जागा काढणे हे आर्किटेक्टचे काम आहे. तुमच्यासाठी ब्लॉकचा खरा फायदा वेगळा आहे. एक ब्लॉक साधारण आठ विटांची जागा घेतो, त्यामुळे काम लवकर उरकते. पायावर भार कमी येतो, आणि पश्चिमेच्या भिंतीतून येणारी उष्णता विटेपेक्षा बरीच कमी होते.

आता भेगांकडे येतो. सुरुवातीच्या काळात वारज्याच्या एका बंगल्याच्या कामावर देखरेख माझी होती. गवंडी अनुभवी होता, विटेचे काम त्याचे देखणे असे. त्याने ब्लॉकही रीतीप्रमाणे रात्रभर हौदात बुडवून ठेवले, भिंत बांधल्यावर सात दिवस पाइपाने झोडपली आणि त्यावर लगेच जाड प्लास्टर चढवले. मी ते पाहत होतो आणि मला त्यात काही गैर वाटले नाही. डिसेंबरात काम झाले. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात प्रत्येक भिंतीवर ब्लॉकचे सांधे आरशासारखे उमटले, आणि कॉलमच्या कडेने वरपासून खालपर्यंत सरळ चिरा गेल्या. घरमालकाने ठेकेदाराला दोष दिला, ठेकेदाराने ब्लॉकला दिला. चूक माझी होती, कारण या सामानाचा स्वभाव मी वाचलेला नव्हता.

तो स्वभाव असा आहे. कारखान्यातून निघालेल्या ताज्या ब्लॉकमध्ये त्याच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांशापर्यंत ओलावा असू शकतो. तो सुकताना ब्लॉक आक्रसतो. आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात पहिल्या प्रतीच्या ब्लॉकसाठी हे आक्रसणे ०.०५ टक्के आणि दुसऱ्या प्रतीसाठी ०.१० टक्के एवढ्या मर्यादेत ठेवले आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु चार मीटर लांबीच्या भिंतीत ०.०५ टक्के म्हणजे दोन मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटरची भेग जिन्यातूनही दिसते. हौदात बुडवलेला ब्लॉक भिंतीत बसल्यानंतर सुकतो आणि मालाला, प्लास्टरला स्वतःबरोबर ओढतो. म्हणून ब्लॉक भिंतीत जाण्यापूर्वी सुकलेला हवा. बांधकामाच्या तीन-चार आठवडे आधी ब्लॉक मागवावेत, जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावेत आणि पावसात ताडपत्रीने झाकावेत. बांधताना आणि प्लास्टरपूर्वी पृष्ठभागावर ब्रशने किंवा फवाऱ्याने हलका हात फिरवावा, एवढेच पाणी. अजिबात न मारल्यास कोरडा पृष्ठभाग मालातले पाणी पिऊन टाकतो आणि प्लास्टर भुसभुशीत राहते, त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो.

सांध्यांसाठी ज्याला साइटवर सगळे ‘केमिकल’ म्हणतात ते ब्लॉकचे ॲडहेसिव्ह वापरावे. त्याचा सांधा तीन मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला तराईची (पाणी मारून ओले ठेवण्याची) गरज नसते. साध्या मालात बांधायचे झाल्यास एकास सहाच्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुढे सिमेंट वाढवू नये. ‘मजबुतीसाठी’ एकास चारचा माल देणारा ठेकेदार भल्या हेतूने चूक करत असतो, कारण माल ब्लॉकपेक्षा कडक झाला की ताण सांध्यात न जिरता ब्लॉकच फोडतो. प्लास्टरलाही हेच लागू आहे. कॉलम आणि भिंत जेथे भेटतात तेथे गॅल्व्हनाइज्ड जाळी, जिला आपण चिकन मेश म्हणतो, दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर जाईल अशी ताणून ठोकावी. खिडकीच्या खालच्या आणि वरच्या पातळीला आरसीसीची (सळया घातलेल्या काँक्रीटची) पट्टी द्यावी. बीमच्या तळाशी शेवटचा थर त्याच दिवशी दाबून भरू नये. दहा-पंधरा मिलिमीटर फट सोडून ती आठ-दहा दिवसांनी भरावी, म्हणजे वरचा बीम किंचित वाकला तरी त्याचा भार भिंतीवर येत नाही. विजेच्या पाइपासाठी खाचा छन्नी-हातोड्याने नव्हे, कटरनेच पाडाव्यात, आणि पाण्याने भरल्यावर चाळीस किलोंपर्यंत जाणारा गीझर साध्या खिळ्यावर किंवा लाकडी गुट्टीवर न टांगता ब्लॉकसाठी मिळणाऱ्या लांब प्लगवर टांगावा. तुमच्या घरात गीझर कोठे येणार हे आधी ठरले असेल, तर तेवढ्या भागात विटा किंवा काँक्रीटचा ठोकळा बसवणे सर्वांत सोपे.

क्रश सँडविषयीचा गैरसमज याहून जुना आहे. नदीची चांगली वाळू आता सहज मिळत नाही, आणि ‘भीमेची’ म्हणून जी दारात येते ती बहुधा माती मिसळलेली असते. पुण्याभोवतीच्या काळ्या पाषाणापासून केलेली वाळू दगड म्हणून उत्तम आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने अशा वाळूला रीतसर जागा दिली आहे आणि ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक पूड त्यात १५ टक्क्यांपर्यंत चालू दिली आहे. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे खडी फोडताना उरणारी कच किंवा डस्ट हीच क्रश सँड म्हणून खपवली जाते. खरी क्रश सँड वेगळ्या यंत्रात कणावर कण आपटून केलेली असते, म्हणून तिचे कण बऱ्यापैकी घनाकार असतात. कचेत चपटे तुकडे आणि पूड अधिक असते. मूठभर माल ओला करून तळहातावर चोळा. हात पिठासारखा माखला आणि चपट्या कपच्या टोचल्या, तर गाडी परत पाठवा. स्लॅबसाठीची जाड वाळू आणि प्लास्टरची बारीक वाळू वेगवेगळी मागवावी, हेही सांगून ठेवतो.

दुसरी अडचण पुन्हा पाण्याची. नदीच्या वाळूचे कण गोलसर असल्याने काँक्रीट सहज सरकते. क्रश सँडचे कण कोनदार आणि पूड जास्त, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात काँक्रीट घट्ट वाटते आणि मिक्सरवरचा माणूस अर्धी बादली आणखी ओततो. हिशेब पाहा. सिमेंटच्या ५० किलोंच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंटचे ०.५० हे प्रमाण, आणि आयएस ४५६ मध्ये मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीसाठी हीच कमाल मर्यादा आहे. त्यात पाच लिटर वाढले की प्रमाण ०.६० होते आणि ताकदीचा मोठा वाटा त्या अर्ध्या बादलीत वाहून जातो. काँक्रीट सैल हवे असेल तर प्लास्टिसायझर (काँक्रीट सैल करणारे रसायन) घालावा, पाणी घालू नये. आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही या २५ लिटरांत मोजावे. स्लॅबसाठी मी कारखान्यातून तयार येणारे रेडीमिक्स काँक्रीटच सुचवेन, पण गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हावी लागते. सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक लक्षात घेता स्लॅबची वेळ पहाटेची ठेवा, आणि चालकाने उतरवताना पाइपाने पाणी घातले तर ते थांबवण्यासाठी एक जाणता माणूस तेथे उभा करा. टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरणार असाल तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते.

सिमेंटबाबत वडिलांचा ५३ ग्रेडचा आग्रह समजण्यासारखा आहे, कारण ताकदीचा आकडा मोठा दिसतो. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. सिमेंट भिजल्यावर जो मोकळा चुना तयार होतो त्याच्याशी ही राख सावकाश संयोग पावते आणि काँक्रीट अधिक घट्ट, कमी झिरपणारे होते. सुरुवातीची ताकद उशिरा येते, पुढची टिकून वाढते. घराला आठवड्यात ताकद आलीच पाहिजे अशी घाई नसते, म्हणून पीपीसी योग्यच. परंतु हा संयोग पाण्याशिवाय होत नाही, आणि येथे मात्र पाण्यात काटकसर चालणार नाही. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस तराई सांगते, पीपीसीला किमान १० आणि शक्यतो १४. आपल्याकडे ठेकेदार सामान बदलतो, तराईचे दिवस तेच ठेवतो. स्लॅबवर मालाचे बांध घालून पाणी साठवावे, कॉलमना गोणपाट गुंडाळून ते दिवसभर ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून जाणे म्हणजे तराई नव्हे. बीमखालचे टेकेही साध्या सिमेंटसाठी लिहिलेल्या १४ दिवसांना काढू नयेत, आठवडाभर जास्त ठेवावेत. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी उतरवून घेऊ नका.

लोखंडावर फार लिहिण्यासारखे नाही. एफई ५०० डी प्रतीचे घ्यावे. या ‘डी’चा अर्थ असा की सळई तुटण्यापूर्वी किमान १६ टक्के लांबली पाहिजे, नुसत्या एफई ५०० ला ही अट १२ टक्क्यांची आहे, आणि भूकंपात घर वाकून उभे राहणे या लांबण्यावरच अवलंबून असते. गाडी आली की १२ मिलिमीटरच्या काही सळया मोजून वजन करा. १२ मीटर लांबीची सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे, फरक पाच टक्क्यांच्या आत. बीम-कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळलेली आहेत की नाही ते स्वतः पाहा. फायबरच्या सळया गंजत नाहीत हे खरे आहे आणि काही कामांना त्या उपयोगीही आहेत, पण घराच्या बीम-कॉलमला मी त्या वापरू देणार नाही. त्यांची ताठरता लोखंडाच्या सुमारे पाव भर असल्याने तेवढ्याच सळयांत स्लॅब अधिक झुकतो, त्या लोखंडासारख्या आधी वाकून सूचना न देता एकदम तुटतात, आगीत त्यांचे राळेचे बंधन मऊ पडते आणि साइटवर त्यांची रिंग वाकवता येत नाही. शिवाय आकडेमोड लोखंडाची आणि सळई फायबरची, असा प्रकार कोणत्याही डिझाइनरने मान्य करू नये.

फरशीत पाण्याची गोष्ट नेमकी उलटी होते. शहाबादी किंवा जुनी मोझॅक टाइल सिमेंटचे पाणी पिऊन मालाला धरत असे. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटच्या रबडीला धरण्यासाठी तिच्या पाठीत जागाच नसते. चार-पाच वर्षांनी भर उन्हाळ्यात किंवा थंडीत फरशी मध्येच तंबूसारखी उचलली जाते, ती यामुळे आणि टाइल एकमेकींना चिकटवून बसवल्यामुळे. आयएस १५४७७ ची खूण असलेले ॲडहेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरावे. पाच ठिपके देऊन टाइल चिकटवू देऊ नये, खाली पोकळ राहते. दोन मिलिमीटरचा सांधा सोडावा, आणि कारागीर ‘सांधा दिसतो, बरे नाही दिसत’ म्हणाला तरी सोडावा. आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर चालेल, त्याला तराई लागत नाही. पण बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि बाहेरची बाजू येथे ते मुळीच नको.

गच्चीचा विचार आत्ताच करावा, कारण त्याचा संबंध डिझाइनशी आहे. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि मालाचा जाड थर) हा पुण्यातला रुळलेला उपाय, आणि चांगल्या हातांनी केलेला कोबा पंधरा-वीस वर्षे टिकतो. परंतु सरासरी चार इंची कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो, तर वापराच्या गच्चीवर माणसांसाठी धरला जाणारा भार १५० किलो असतो. कोबा करणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगा, नंतर नव्हे. मी हल्ली स्लॅबलाच उतार देऊन त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात आणि वर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक सुचवतो. एक मजली घरात वरच्या खोल्या तापतात त्या भिंतींपेक्षा छपरामुळे अधिक, म्हणून ब्लॉकवर केलेला खर्च गच्ची काळी ठेवून वाया घालवू नये. वॉटरप्रूफिंग झाल्यावर नाळी बंद करून किमान ४८ तास पाणी साठवावे आणि खालून छताला हात लावून पाहावे. बाथरूमलाही हेच करावे, तेही टाइल बसवण्यापूर्वी.

दिवाळीनंतर काम सुरू करत असाल, तर ब्लॉक डिसेंबरातच मागवून सुकत ठेवता येतील. मग घरातली पहिली भिंत जिन्याखालची बांधून घ्या, म्हणजे चुकली तरी हरकत नाही. ती बांधताना वडिलांना तेथे खुर्ची टाकून बसवा, गवंडी ब्लॉक बुडवतो का, सांध्याची जाडी किती ठेवतो, जाळी ताणतो की नुसती लोंबकळत ठोकतो हे त्यांना पाहू द्या. प्लास्टर करून तिला महिनाभर उन्हा-वाऱ्यात राहू द्या. भेग आली नाही तर त्याच गवंड्याला पुढच्या भिंती द्या. आली, तर ब्लॉक बदलण्याआधी गवंडी बदला.